चौथीत गेला तरी वाचता येत नाही: जि.प. शाळेकडे नेमकं काय मागायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत आहे, अक्षर सुंदर, वही पूर्ण, पुस्तकातला धडा घडाघडा म्हणतो, पण परवा घरी आलेली लग्नपत्रिका हातात दिली तर त्याला गावाचं नावसुद्धा वाचता आलं नाही. वर्गातल्या अजून सात-आठ मुलांचं तेच. गुरुजी म्हणतात घरी अभ्यास घ्या, नातेवाईक म्हणतात इंग्लिश मिडीयमला टाका, आणि तुम्ही नुकत्याच शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून आलात म्हणून विचारताय की समितीत बसून नेमकं काय मागायचं.

मी २४ वर्षं जि.प. शाळांमध्ये शिकवलं, त्यातली ११ वर्षं पहिली-दुसरीवर, आणि शेवटची काही वर्षं तालुक्यातल्या शिक्षकांची भाषेची ट्रेनिंग घेतली. त्यामुळे दोन्ही बाजू मला आतून माहिती आहेत. उत्तर लांब होणार आहे, पण हा विषय दोन ओळीत सांगितला की पालक आणि शिक्षक एकमेकांच्या अंगावर जातात आणि मूल तिथंच राहतं, हे मी खूपदा पाहिलंय.

आधी एक गोष्ट. तुमचा मुलगा मंद नाही आणि आळशी तर अजिबात नाही. न वाचता चौथीपर्यंत येणं किती अवघड असतं याचा विचार करा, अख्खे धडे पाठ करावे लागतात, फळ्यावरचं चित्रासारखं उतरवावं लागतं, शेजारचा कुठल्या ओळीवर आहे त्यावर लक्ष ठेवावं लागतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, प्रश्नोत्तरांची वही इतकी देखणी की मी ती इतरांना दाखवायचे, आणि एक दिवस ती धडा वाचताना सहज जवळ जाऊन उभी राहिले तर तिचं बोट एका ओळीवर आणि तोंडातलं वाक्य दुसऱ्याच ओळीवर. मी हात ठेवून ओळ झाकली तरी ती पुढं म्हणतच राहिली. तिसरी संपत आली होती तिची. अडीच वर्षं ती माझ्यासमोर बसत होती आणि मला कळलं नव्हतं, कारण मी वही तपासत होते, वाचन तपासतच नव्हते. त्या दिवसानंतर मी पद्धत बदलली, म्हणून हे एवढं तळमळीनं लिहितेय.

आता हे होतं कसं ते बघा, कारण ते कळल्याशिवाय काय मागायचं ते कळणार नाही.

बोलणं मूल आपोआप शिकतं, वाचणं शिकत नाही, ते शिकवावं लागतं, आणि आपल्या लिपीत तर ते बऱ्यापैकी मोठं काम आहे. इंग्रजीला २६ अक्षरं, आपल्याकडं तीसच्या वर व्यंजनं, त्या प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या आसपास चिन्हं झाली आणि वर जोडाक्षरं. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांमधल्या मुलांचा अभ्यास केलाय, तिथंही मराठीसारखीच अक्षर-मात्रांची लिपी आहे, आणि त्यात दिसलं की ही सगळी चिन्हं पक्की व्हायला तीन-चार वर्षं लागतात. आपण मात्र धरून चालतो की पहिलीच्या दिवाळीपर्यंत मुळाक्षरं, वर्षअखेर बाराखडी, आणि दुसरीपासून धडे सुरू. जे मूल त्या वेगात बसत नाही ते मागं राहतं आणि त्याच्यासाठी परत कुणी मागं येत नाही, कारण तिसरीच्या शिक्षकाला तिसरीचं पुस्तक संपवायचं असतं.

दुसरी अडचण शिकवण्याच्या क्रमाची. आपण सगळे "घर बघ, कमल नळ धर" असंच शिकलो, म्हणजे आधी सगळी मुळाक्षरं, मग बिनकान्यामात्र्याचे शब्द, मग काना, मग वेलांट्या. बिनकान्याचा शब्द सोपा असं आपल्याला वाटतं. तो मुलासाठी सोपा नसतो. "कमळ" हा शब्द सुटा वाचायचा तर मूल क... म... ळ... असं म्हणतं, प्रत्येकात "अ" ओढून. पण आपण बोलताना शेवटचा "अ" म्हणतच नाही, कमळ् म्हणतो. "सरबत" घ्या, बोलताना सर्-बत् असे दोनच तुकडे होतात, लिहिलेली अक्षरं चार. मूल चारही अक्षरं बरोबर ओळखतं आणि तरीही त्याला शब्द ऐकू येत नाही, शिक्षक म्हणतात "जोडून वाच", आता जोडायचं कसं हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं. उलट मामा, काका, नानी, बाबा हे शब्द बघा, मा-मा, जसं लिहिलं तसं बोललं, पहिल्याच आठवड्यात मुलाला "अरे मला वाचता आलं" हे कळतं. म्हणून चार-पाच अक्षरं आणि काना एकदम घ्यायचा, त्यातून खरे ओळखीचे शब्द करायचे, ते झाले की पुढचा गट. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी कित्येक वर्षांपूर्वी याच दिशेनं काम केलं, भाषाशास्त्राच्या अभ्यासक होत्या म्हणून मराठी मूल कुठं अडखळतं हे त्यांनी बारकाईनं पाहिलं.

अजून किती बारकावे सांगू. पहिली वेलांटी हातानं आधी लिहायची आणि तोंडानं नंतर म्हणायची, "पिशवी" वाचताना मूल त्या वेलांटीपाशीच थबकतं. र तर चार रूपं घेऊन येतो, "कर्म" आणि "क्रम" यात फरक काय हे नुसतं सांगून समजत नाही, वीस वेळा वेगवेगळ्या शब्दांत भेटावं लागतं. घ-ध, भ-म, प-ष, ट-ठ-ढ हे दिसायला सारखे, ते लागोपाठ शिकवले की हमखास गोंधळ. हे सगळं शिकवता येतं, अवघड नाहीये, पण त्याला रोजचा वेळ लागतो आणि शिक्षकाला हे कुणीतरी शिकवलेलं असावं लागतं. माझ्या डीएडला भाषा शिकवायच्या "पद्धती" होत्या, उद्दिष्टं होती, पाठ टाचण होतं, पण सहा वर्षांचं मूल "कमळ" का वाचू शकत नाही हे दोन वर्षांत कुणी एकदाही सांगितलं नाही. बहुतेक शिक्षकांचं हेच आहे. त्यांची दानत वाईट नसते, त्यांच्या हातात साधनच दिलेलं नसतं.

तिसरी गोष्ट घरच्या भाषेची. तुमच्या घरी मराठीच बोलतात असं दिसतंय, पण त्या सात-आठ मुलांपैकी किती जणांच्या घरी वारली, पावरी, कोरकू, गोरमाटी किंवा अहिराणी बोलली जाते ते बघा. पुस्तकातली मराठी त्या मुलाला निम्मी परकी असते, आणि जो शब्द कधी ऐकलाच नाही तो वाचून तरी काय उपयोग, उच्चार झाला तरी अर्थ लागत नाही. त्यांना आधी खूप ऐकायला आणि बोलायला मिळालं पाहिजे, गोष्टी, गाणी, चित्रांवर गप्पा, आणि त्यात त्यांची भाषा चालली पाहिजे. अनुताई वाघ आणि ताराबाई मोडक यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर हेच केलं, तेही स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात.

आणि हे फक्त तुमच्या शाळेत आहे असं नाही. २०१३ ते २०१६ या काळात पालघरच्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये तीच मुलं पहिली ते तिसरी सलग तीन वर्षं अभ्यासली गेली, वाड्यातलं काम क्वेस्ट या संस्थेबरोबर झालं. तिथं हेच दिसलं, वर्गात अक्षरं घोकणं आणि फळ्यावरून उतरवणं भरपूर, वाचून समजून घेणं जवळपास नाहीच, आणि तिसरी संपताना कितीतरी मुलं मात्रेच्या शब्दावर अडकलेली. देशाचं बघायचं तर असर २०२४ च्या अहवालात, म्हणजे प्रथम संस्था गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन तपासते त्या सर्वेक्षणात, ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना पाचवीत दुसरीचं वाचता येत नाही. २०२२ ला, कोरोनानंतर, हा आकडा ३८.५ होता, म्हणजे सुधारणा होतेय, पण चाल बघा.

आता इंग्लिश मिडीयमबद्दल. निर्णय तुमचा आहे, पण ज्या मुलाला घरात बोलली जाणारी भाषा वाचता येत नाही त्याला न कळणारी भाषा वाचायला बसवलं तर तो पाठांतरावर अजूनच जास्त अवलंबून राहील. आणि तो गेला तरी बाकीची सात मुलं तिथंच आहेत, शिवाय पट कमी झाला की शिक्षकाचं पद जातं, मग उरलेल्यांचं आणखी वाईट. माझं स्पष्ट मत, आधी सहा महिने हे करून बघा.

पहिलं काम, आकडा हातात घ्या. "मुलांना वाचता येत नाही" असं बैठकीत म्हणालात की गुरुजी म्हणणार "येतं की", कुणीतरी हुशार मुलगी उभी करून वाचून दाखवणार आणि विषय संपला. चावडी वाचनाच्या कार्यक्रमात, म्हणजे गावासमोर मुलांकडून वाचून घेतात त्यात, मी हेच कितीदा पाहिलंय, जी चार मुलं छान वाचतात तीच पुढं, आणि मागच्यांना वाचायला लावलं तर गावासमोर अब्रू जाते, ते मूल मग महिनाभर पुस्तक हातात धरत नाही. त्यामुळे एकेकट्या मुलाचं, बाजूला बसून, शांतपणे. मजकूर असा घ्यायचा जो त्यांनी कधी पाहिलेला नाही, पाठ्यपुस्तकातला तर मुळीच नको. असरचं साधन साधं आहे, एका कागदावर काही अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल कुठपर्यंत आलं ते पाच मिनिटात कळतं. मी सुरुवात परिच्छेदापासून करते, जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, मग अक्षरं. गोष्ट वाचली तर दोन प्रश्न विचारायचे, काय झालं आणि का झालं, कारण नुसता आवाज काढणारी मुलंही असतात.

हे एकट्यानं करू नका, शिक्षकांना बरोबर घेऊन करा. फार महत्त्वाचं आहे हे. पालक मोबाईल काढून मुलांचा व्हिडीओ करतात, "बघा चौथीच्या मुलाला वाचता येत नाही" म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकतात, त्यानंतर त्या शाळेत कधीच काही सुधारत नाही, शिक्षक बचावात जातात, मुलगा लाजेनं शाळा बुडवतो. आम्ही एका शाळेत असं केलं की दुसरी ते पाचवीच्या ४३ मुलांची यादी, समोर चार रकाने, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, आणि तीन आया आणि दोन शिक्षक मिळून दोन दुपारी सगळं तपासलं. त्यातल्या एका आईला स्वतःला वाचता येत नव्हतं, ती मुलांना बोलतं करायला बसली, तिच्यासमोर मुलं घाबरत नव्हती. यादी पूर्ण झाली तेव्हा चौथीच्या शिक्षकांनीच सांगितलं, "मला वाटलं होतं चार असतील, नऊ निघाली". त्या एका वाक्यानंतर भांडायचं काही राहिलंच नाही.

तपासताना डोळे आणि कान विसरू नका. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मागं पडलेली मुलं प्रत्येक शाळेत एक-दोन असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत येते तेव्हा या मुलांची नावं मुद्दाम सांगा. काही मुलांना खरंच अध्ययन अक्षमता असते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, त्यासाठी तालुक्याच्या गट साधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आहेत. पण वर्गातली आठ-नऊ मुलं वाचत नसतील तर सगळ्यांना अक्षमता आहे असं नसतं, त्यांना नीट शिकवलं गेलेलं नसतं. आधी शिकवून बघायचं, तरीही अडलं तर तपासणी.

आता समितीत काय मागायचं. तुम्हाला कायद्यानं दिलेली जागा आहे ही, कुणाची मेहरबानी नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१, समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, आणि काम शाळेवर देखरेख ठेवणं. कलम २२, शाळा विकास आराखडा समितीनं करायचा. आणि जे फार कमी पालकांना माहिती असतं ते कलम २४, त्यात शिक्षकाची कर्तव्यं लिहिली आहेत, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणं जादा शिकवणं आणि पालकांना नियमित भेटून मुलाची प्रगती सांगणं. त्यामुळे तुम्ही "माझा मुलगा कुठल्या पातळीवर वाचतो ते दर महिन्याला सांगा" म्हणालात तर ते कायद्यातलंच आहे. शिवाय निपुण भारत अभियान जुलै २०२१ ला सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं हे त्याचं उद्दिष्ट, आणि त्यात आकडेच दिलेत, दुसरी संपताना मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरी संपताना कमीत कमी ६०, अर्थासहित. ही सरकारची स्वतःची मोजपट्टी आहे. बैठकीत तीच समोर ठेवा.

मागणी मात्र मोजकी ठेवा. पालक बैठकीत एकदम पंधरा गोष्टी येतात, संडास, कंपाउंड, खिचडी, संगणक, आणि वाचन शेवटी "बघू" मध्ये जातं. मी म्हणेन की या वर्षी समितीनं एकच धरावं: दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी रोज एक तास, इयत्तेप्रमाणं न बसवता वाचनाच्या पातळीप्रमाणं बसवून. अक्षरवाली मुलं एका गटात, शब्दवाली दुसऱ्या, परिच्छेदवाली तिसऱ्या, त्यात दुसरीचाही असेल आणि पाचवीचाही. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही, प्रथम संस्थेनं मुंबईत आणि वडोदऱ्यात म्युनिसिपल शाळांमध्ये २००१ ते २००३ दरम्यान बालसखींकडून, म्हणजे वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींकडून, तिसरी-चौथीच्या मागं पडलेल्या मुलांना रोज दोन तास शिकवून घेतलं आणि मुलं पुढं गेली. हा प्रयोग ज्यांनी तपासला त्यातले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यानंतर ही पद्धत कितीतरी राज्यांत आणि देशाबाहेरही वापरली गेली. खर्च फार लागत नाही, वेळ पक्का लागतो.

त्या तासात काय व्हायला पाहिजे हे पण तुम्हाला माहिती हवं, नाहीतर तो तास परत उतरवून घेण्यात जातो. थोडा वेळ शिक्षक मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवणार आणि मुलं त्यावर बोलणार, हे सगळ्या गटांना एकत्र चालतं. मग गटात आवाजांचा खेळ, शब्द तोडा, जोडा, पहिला आवाज बदला, "माळ"चं "गाळ" कर, "गाळ"चं "गोळा" कर. मग नवीन अक्षर किंवा मात्रा आणि त्यापासून शब्द. मग प्रत्येक मुलानं स्वतः काहीतरी वाचायचं, समूहात ओरडून नाही, एकट्यानं, कुणीतरी ऐकायला शेजारी. शेवटी स्वतःच्या मनातलं एक तरी वाक्य लिहायचं, चुकलं तरी चालेल, फळ्यावरून उतरवलेलं नको. माझ्याकडं एका मुलानं पहिलं वाक्य लिहिलं होतं, "माजी शेळी याली", व्याली लिहिता आलं नव्हतं, पण त्याच्या घरात काल काय झालं ते मला त्या कागदावरून कळलं. मी ते वर्षभर भिंतीवर लावून ठेवलं होतं.

पुस्तकं मागा. बऱ्याच शाळांमध्ये पुस्तकं असतात पण कपाटात कुलूपबंद, कारण फाटली की हिशोब शिक्षकाकडं मागितला जातो. समितीनं ठराव करून टाका की पुस्तक वापरून फाटलं तर चालेल, त्याची जबाबदारी समितीची. हा एवढा ठराव झाला की कपाट उघडतं, मी तीन शाळांमध्ये पाहिलंय. एका ओळीच्या पानांची, मोठ्या टायपाची पुस्तकं लागतात. स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळी लावून ठेवलेल्या, प्रिंट काढून पिन मारली तरी पुस्तक होतं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन करतात, जरूर करा, पण १६ तारखेलाही मुलाच्या हातात पुस्तक असेल असं बघा.

आता शिक्षकांची बाजू, आणि ही मी त्यांची वकिली म्हणून सांगत नाहीये, तुमचं काम व्हावं म्हणून सांगतेय. तुमची शाळा द्विशिक्षकी असेल तर एका शिक्षकाकडं दोन-तीन वर्ग, त्यात मुख्याध्यापकाचा चार्ज, पोषण आहाराची नोंद, ऑनलाईन माहिती, फोटो अपलोड, बीएलओची म्हणजे मतदार यादीची ड्युटी, कुठलंतरी सर्वेक्षण. अकरा वाजता वर्ग रंगात आलेला असतो आणि ग्रुपवर मेसेज येतो "माहिती तातडीनं १२ पर्यंत". "आम्हाला शिकवू द्या" म्हणून शिक्षक रस्त्यावर आले ते याचसाठी. कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. आता शिक्षक एकटा हे साहेबांना सांगू शकत नाही, नोटीस येते. समिती सांगू शकते. ठरावात लिहा की अमुक ते अमुक हा तास वाचनाचा, या वेळात शिक्षकांना माहिती, मीटिंग, फोन कशासाठीही उठवू नये, आणि त्याची प्रत केंद्रप्रमुख आणि गट शिक्षणाधिकाऱ्यांना. त्या दिवसापासून शिक्षकांना कळतं की पालक आपल्या विरुद्ध नाहीत. माझ्या अनुभवात या एका ओळीनं जेवढं काम केलं तेवढं तक्रारीच्या दहा अर्जांनी केलं नाही.

बैठकीत जे ठरेल ते इतिवृत्तात त्याच दिवशी लिहून घ्या, वाचून घ्या, मग सही करा. ठराव तोंडी नको. "वाचनावर भर देण्यात यावा" असलं वाक्य लिहू देऊ नका, त्यातून काहीच होत नाही. कोण, कधीपासून, किती वेळ, पुन्हा कधी तपासणार हे लिहा. दर सहा आठवड्यांनी तीच चार रकान्यांची यादी परत, आणि बैठकीत नावं न वाचता फक्त किती मुलं कुठून कुठं सरकली ते सांगायचं.

शाळेच्या पातळीवर न सुटणाऱ्या गोष्टी असतात, रिकामं पद, ट्रेनिंग, पुस्तकांचे पैसे. त्यासाठी वर जावं लागतं. पदाचा विषय गट शिक्षणाधिकाऱ्यांकडं लेखी, पोच घेऊन, आणि उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात विचारा, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. ट्रेनिंगबद्दल केंद्रप्रमुखांना आणि डाएटला, म्हणजे जिल्ह्याच्या शिक्षक प्रशिक्षण संस्थेला, लिहा, पण नेमकं लिहा, "प्रारंभिक वाचन शिकवण्याचं, वर्गात येऊन दाखवणारं ट्रेनिंग हवं". हॉलमध्ये दीडशे शिक्षक बसवून पीपीटी दाखवली की काही होत नाही, मी तशी ट्रेनिंग दिली पण आहेत आणि नंतर वर्गात जाऊन पाहिलं तर जुनंच चालू होतं, कुणीतरी महिन्यातून एकदा वर्गात येऊन बरोबर शिकवलं तेव्हाच फरक पडला. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात शिक्षणासाठी पैसे धरता येतात, ग्रामसभेत पुस्तकांचा आणि एखाद्या स्थानिक मदतनीस मुलीच्या मानधनाचा विषय ठेवा. शेजारच्या दोन-तीन गावांच्या समित्यांना बरोबर घेतलंत तर पंचायत समितीत तुमचं ऐकतील, एका शाळेची आई गेली तर "बघतो ताई", चार शाळांच्या वीस आया गेल्या तर खुर्ची दिली जाते. बचत गट आहेतच, माता पालक गट पण असतील, निरोप द्यायला वेगळी यंत्रणा लागत नाही.

किती दिवसात फरक दिसेल? शब्दापर्यंत आलेलं चौथीचं मूल रोजच्या तासानं साधारण दोन-तीन महिन्यात परिच्छेदावर येतं, अक्षरावरच अडलेलं असेल तर वर्ष धरा. मध्ये एक काळ असा येतो की मूल आधीपेक्षा हळू वाचायला लागतं, पाठांतर सोडून खरंच अक्षराकडं बघायला लागतं म्हणून. त्या वेळी पालक घाबरतात, "आधी बरा वाचत होता" म्हणतात. तेव्हा रागवू नका, ती चांगली खूण आहे.

घरी तुमच्या मुलासाठी तोपर्यंत एवढंच करा, रोज रात्री पंधरा मिनिटं. दहा मिनिटं तुम्ही वाचून दाखवा, काहीही, गोष्ट, पेपर, बी-बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर, आणि पाच मिनिटं त्यानं त्याला जमेल असं वाचायचं, पहिलीचं पुस्तक असलं तरी चालेल, पण धाकट्या भावंडांसमोर नको. अडला तर दोन सेकंद थांबा, मग शब्द सांगून टाका आणि पुढं जा. दटावू नका. चौथीच्या मुलाला आपल्याला येत नाही हे पूर्ण माहिती असतं, ते लपवण्यात त्याची सगळी ताकद जाते.

बैठकीच्या आधी चौथीच्या गुरुजींना एकदा एकट्या भेटा. यादीचं सांगा, कायद्याचं काही काढू नका, फक्त विचारा की तुम्हाला रोजचा हा तास द्यायचा झाला तर काय अडेल. ते जे सांगतील ते कागदावर लिहून घ्या आणि बैठकीत तुमची पहिली मागणी तीच ठेवा. यादी केलीत की आकडे मला इथं कळवा, मुलांची नावं न लिहिता, कुठल्या रकान्यात किती एवढंच. गट कसे पाडायचे आणि सुरुवात कुठल्या अक्षरांपासून करायची ते त्यावरून सांगते.